दोष सापडला नाही

एकदा एका धर्मशाळेच्या स्वयंपाकघरातली विजेची शेगडी मध्येच बंद पडू लागली, आणि बंद पडण्याची वेळ ती अशी नेमकी साधू लागली, की लोकांना तिच्यामागे कुणाचा तरी हात दिसू लागला.

ही धर्मशाळा तालुक्याच्या गावातल्या मोठ्या रुग्णालयासमोर होती. खेड्यापाड्यांतून रोगी येत, त्यांच्याबरोबर घरची माणसे येत. रोग्याला रुग्णालयातून जेवण मिळे. सोबतच्या माणसाला कोण विचारणार? अशांसाठी धर्मशाळेत रोज दुपारी वरण, भात आणि एखादी भाजी असे साधे जेवण वाढले जाई. धान्याचे व्यापारी मन्मथअप्पा बिडवे हे या संस्थेचे प्रमुख. डाळ-तांदूळ त्यांच्याच दुकानातून येत. स्वयंपाक शेवंताबाई करीत. विधवा बाई, हाताला चव आणि जिभेला धार. रांगेत कुणी आजारी माणसाचे नाव काढून रडू लागले, तर त्या रागावून म्हणत, "आधी जेव. रडायलाबी ताकद लागती."

स्वयंपाकघर इमारतीच्या अगदी पोटात होते. एकदा तिथली सिलिंडरची नळी गळाली आणि सारी धर्मशाळा रस्त्यावर येऊन उभी राहिली. तेव्हापासून अप्पांनी गॅस बंद केला आणि मोठी इंडक्शन शेगडी आणून बसवली. वर काळी गुळगुळीत काच. जाळ नाही, धूर नाही. काचेवर बोट टेकवले की पातेले तापू लागे. अप्पांना तिचा फार अभिमान होता. शेवंताबाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "जाळ दिसत न्हाई तर अंदाज कसा यावा? अप्पा, ही काच काय टिकायची न्हाई."

चार दिवसांत त्यांचा हात शेगडीवर बसला आणि स्वतःचे हे वाक्य त्या विसरूनही गेल्या. परंतु माणूस आपले बोलणे विसरतो, ऐकणारे विसरत नाहीत.

काही महिने शेगडी निमूट चालली. मग एके दिवशी डाळ अर्धी शिजली असताना ती टूं-टूं वाजली. काचेवरचे आकडे मावळले आणि त्या जागी 'ई' हे इंग्रजी अक्षर व एक आकडा लुकलुकू लागला. बटण दाबले, काही नाही. बंद करून पुन्हा लावले, काही नाही. थोड्या वेळाने मात्र ती जशी रुसली होती तशीच हसली आणि आपोआप चालू झाली. तोवर बाहेर रांग लागली होती. त्या दिवशी लोकांनी कच्चट वरण खाल्ले. कुणी बोलले नाही, कारण फुकट जेवणाऱ्याला बोलण्याचा संकोच असतो.

पुढे हे वरचेवर होऊ लागले. अप्पांनी शेगडीबरोबर आलेले माहितीपत्रक काढून पाहिले. त्यात त्या अक्षराचा अर्थ दिला होता : वरची बटणांची पाटी आणि आतला मुख्य बोर्ड यांच्यातला संपर्क तुटला आहे.

अप्पांनी चष्मा काढला. "संपर्क तुटला म्हणजे? तोडल्याशिवाय कसा तुटेल?"

अप्पा दुष्ट नव्हते. परंतु सारे आयुष्य बाजारात गेले होते. पोत्यात खडे कोण मिसळतो, तराजूला अंगठा कोण लावतो, हे ओळखण्यावर त्यांचा व्यवसाय उभा होता. त्यामुळे कुठलाही तोटा दिसला की त्यांचे डोळे वस्तूकडे न जाता माणसांच्या चेहऱ्यांकडे जात. या वेळीही ते तसेच गेले, आणि पाहू लागल्यावर पुरावे जमा व्हायला वेळ लागला नाही.

शेगडी बंद पडे ती शेवंताबाईंच्याच हाती. अप्पांनी स्वतः दोनदा तिच्यावर चहा करून पाहिला. शेगडी शहाण्यासारखी चालली. संस्थेचा कारकून चहा करी, तेव्हाही चाले. शेवंताबाई ओले फडके घेऊन काच पुसत, ते अप्पांनी पाहिले. त्यांना बाईंचे पहिल्या दिवसाचे वाक्य आठवले. आणि मग कुणीतरी सहज सांगितले, की शेवंताबाईंचा पुतण्या गावातल्या गॅस एजन्सीत कामाला आहे.

शेगडी बिघडली की सिलिंडर परत येणार. एवढे पुरे होते.

धर्मशाळेतली हवा पालटली. भाजी चिरणाऱ्या बायका शेवंताबाई आल्या की गप्प होऊ लागल्या. कारकून काही ना काही निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहू लागला. शेवंताबाईंना प्रथम कळेना; कळले तेव्हा त्या आतून हादरल्या. बटण दाबण्याआधी त्या कुणालातरी हाक मारीत, "ये ग, बघ. मी फकस्त बोट लावते हाय." पण तेही उलटेच झाले. लोक म्हणू लागले, मनात काही नसते तर साक्षीदार कशाला बोलावले असते? संशयाचे हे असे असते. गप्प राहावे तर लपवले, बोलावे तर सारवासारव केली.

अखेर अप्पांनी दुरुस्तीसाठी माणूस बोलावला.

गावात विसपुते सर म्हणून एक वृद्ध गृहस्थ होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांनी अनेक वर्षे विजेची विद्या शिकवली होती. निवृत्तीनंतर घराच्या ओसरीवर त्यांनी दुरुस्तीचे लहानसे दुकान उघडले होते. त्यांची जुनी विद्यार्थिनी कावेरी त्यांच्या हाताखाली काम करीत असे. तिथली परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, चपळ, हुशार मुलगी. धर्मशाळेत तीच आली.

तिने शेगडीचे खालचे झाकण उघडले. पंख्यावरची धूळ झाडली. आतल्या तारांच्या पिना एकेक करून काढून परत घट्ट बसवल्या. झाकण लावले, चहाच्या पातेल्यात पाणी ठेवले. पाणी उकळले, शेगडी थांबली नाही. तिने पुन्हा ठेवले, पुन्हा उकळले.

"काय निघालं?" अप्पांनी विचारले.

"काही नाही. मशीनमध्ये दोष नाही."

"नाही ना?" अप्पा जरा पुढे सरकले. "म्हणजे वापरणाऱ्याचा काही..."

कावेरीला आणखी एका घरी पोचायचे होते. हत्यारे पिशवीत भरता भरता ती म्हणाली, "असू शकतं."

ती गेली. दुपारी डाळ शिजत असताना शेगडी पुन्हा बंद पडली. अप्पा तडक स्वयंपाकघरात आले. बाहेर माणसांची रांग उभी होती, दार उघडेच होते, आणि अप्पांचा आवाज बाजारात कमावलेला. ते म्हणाले, "इंजिनेर मुलगी सकाळी सांगून गेली, मशीन खणखणीत आहे. दोष मशीनमध्ये नाही, हातात आहे. शेवंताबाई, तुम्ही आता घरी बसा."

शेवंताबाईंनी कमरेची स्वयंपाकघराची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. रांगेतून जाताना एका म्हाताऱ्याने त्यांना वाट करून दिली, ती जरा जास्तच. हा अंतर राखण्याचा प्रकार त्यांच्या लक्षात आला, आणि घरी पोचेपर्यंत तेवढाच लक्षात राहिला.

त्यानंतर धर्मशाळेत जेवण एका खानावळीतून येऊ लागले. शेगडीवर फक्त चहा होई. शेगडी एकदाही बंद पडली नाही. अप्पा ज्याला त्याला सांगू लागले, "बघा. बाई गेली, रोग गेला."

हे बोलणे फिरत फिरत कावेरीच्या कानावर आले. तिला ते मुळीच बोचले नाही. उलट आपला निष्कर्ष बरोबर ठरला असे वाटून तिने संध्याकाळी तो विसपुते सरांना सांगितला.

सर एका पंख्याची गुंडाळी तपासत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "दोष सापडला होता का?"

"दोष नव्हताच, सर. दोनदा चालवून पाहिली."

"मग ते अक्षर कुणी लुकलुकवलं?"

"त्या बाई काहीतरी करत असतील. पाणी सांडत असेल. नाहीतर मुद्दाम..."

"पाणी सांडलेलं दिसलं आत?"

"नाही."

"काय केलं असतं म्हणजे नेमकं तेच अक्षर येतं, ते तुला माहीत आहे?"

सर उठले, हात पुसले आणि म्हणाले, "उद्या सकाळी आपण जाऊ."

दुसऱ्या दिवशी वाटेत कावेरीच्या मनात निराळाच संशय घोळत होता. सरांचा आपल्या कामावर विश्वास उरला नाही का? गिऱ्हाइकासमोर ते आपली परीक्षा घेणार आहेत का? चालू असलेल्या यंत्राकडे दोघांनी जायचे कारण काय? ती मुकाट्याने पिशवी घेऊन मागून चालत होती.

अप्पांनाही आश्चर्य वाटले. "मास्तर, शेगडी उत्तम चालली आहे. तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"मीच आलो," सर म्हणाले. "शेवंताबाई ज्या पातेल्यात डाळ शिजवायच्या ते पातेलं काढा. त्या जेवढी डाळ घालायच्या तेवढीच घाला, पाणीही तेवढंच."

"पण जेवण तर खानावळीतून येतं."

"आज इथलं वाढा. वाया काही जाणार नाही."

अप्पा अनिच्छेनेच कबूल झाले. बायकांनी डाळ धुऊन त्या जड पातेल्यात चढवली. कावेरी झाकण उघडायला पुढे झाली, तर सरांनी तिला हाताने थांबवले. "कशाला हात लावू नकोस. अप्पा, बटण तुम्ही दाबा."

"मी?"

"तुम्हीच. आणि पातेल्याजवळही तुम्हीच उभे राहा. मी आणि ही मुलगी इथं दाराशी बसतो."

सर एका रिकाम्या डब्यावर बसले आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ पाहत राहिले. कावेरी अवघडून उभी होती. डाळ उकळू लागली. अप्पा घामाघूम झाले. शेगडीच्या पोटातला पंखा घरघरत होता आणि त्याच्या झरोक्यातून गरम वारा त्यांच्या पायांवर येत होता. बराच वेळ गेला. अप्पांनी एकदा सरांकडे, एकदा कावेरीकडे पाहिले. हे दोघे नक्की कशाची वाट बघताहेत, हे त्यांना उमजेना, आणि न उमजणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याची त्यांना सवय नव्हती.

"मास्तर, स्पष्ट विचारतो. चांगली चाललेली वस्तू बिघडवून दाखवायचा विचार आहे का?"

"हो," सर म्हणाले. "बिघडली तर फार बरं होईल."

अप्पा काही बोलणार, तोच शेगडी वाजली. टूं-टूं. काचेवरचे आकडे मावळले आणि ते अक्षर लुकलुकू लागले.

अप्पांनी बटण दाबले. पुन्हा दाबले. बोट धोतराला पुसून पुन्हा दाबले. स्वयंपाकघरातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. अप्पांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसले, ते तिथल्या प्रत्येकाने यापूर्वी शेवंताबाईंच्या चेहऱ्यावर पाहिले होते.

"मी काही केलं नाही," अप्पा म्हणाले. त्यांना कुणी विचारले नव्हते.

सर शांतपणे म्हणाले, "अप्पा, तुमच्या नात्यात कुणी गॅस एजन्सीत आहे का?"

"मास्तर, ही चेष्टा करायची वेळ आहे?"

"चेष्टा नाही. शेवंताबाईंच्या बाबतीत हा प्रश्न महत्त्वाचा होता, असं ऐकलं. मग आजही महत्त्वाचा असला पाहिजे."

अप्पा चिडले. चिडलेल्या माणसाला संशय फार जवळचा वाटतो. ते कावेरीकडे बोट करून म्हणाले, "मागं हीच उघडून गेली होती आत! हिनंच काही करून ठेवलं नसेल कशावरून?"

कावेरीच्या कानशिलांना आग लागल्यासारखे झाले. "मी? मी कशाला करीन? मी तर..." आणि ती थांबली. पुढे काय बोलावे हे तिला सुचेना, कारण न केलेली गोष्ट आपण केली नाही हे कसे दाखवायचे असते, हे तिला कुणी शिकवले नव्हते.

"हाही संशय घ्या," सर म्हणाले. "सगळे घ्या. पण घेतला की तपासायचा. कावेरी, वीज बंद कर. आतली साठलेली वीज उतरू दे, मग झाकण काढ. पातेलं उतरवून घ्या कुणीतरी."

झाकण निघाले. आतला बोर्ड अजून चांगलाच तापलेला होता. त्याच्यापासून वरच्या बटणांच्या पाटीकडे एक बारीक चपटी तार जात होती. तिच्या टोकाची पिन बोर्डावरच्या खाचेत बसवलेली होती. काचेवर बोट टेकले की ते सांगणे याच तारेतून खाली पोचे, आणि खालून उत्तर याच तारेतून वर येई.

सरांनी मल्टिमीटर कावेरीच्या हाती दिला. वाट सलग असली की हे यंत्र 'पीं' असे वाजते. तुटली असली की गप्प राहते. "तारेचं एकेक टोक आणि त्याच्या पुढची बोर्डावरची वाट," सर म्हणाले. "एकेक तपास. घाई नको."

पहिली वाट वाजली. दुसरी वाजली. तिसऱ्या वाटेवर यंत्र गप्प राहिले.

कावेरीने पुन्हा टेकवून पाहिले. गप्प.

"आता थांब," सर म्हणाले. त्यांनी भाजी चिरणाऱ्या बाईकडून पुठ्ठा मागून घेतला आणि तो अप्पांच्या हाती दिला. "वारा घाला."

अप्पांनी वारा घातला. कशासाठी हे त्यांनी या वेळी विचारले नाही. बोर्ड हळूहळू निवला. कावेरीने त्याच जागी टोक टेकवले, आणि यंत्र वाजले. पीं.

सरांनी खिशातले भिंग काढून तिला दिले. खाचेतल्या तिसऱ्या बारीक खुंटीच्या बुडाशी, जिथे ती कथलाच्या टाक्याने बोर्डाला जोडली होती, तिथे केसाएवढी एक गोल चीर होती. गार असताना चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकून राहत. शेगडी पुरती तापली की कडा फाकत आणि वरचे बोलणे खाली पोचेनासे होई. चहाला एवढी उष्णता लागतच नव्हती. ती लागे डाळीच्या मोठ्या पातेल्याला, आणि ते पातेले शेवंताबाईंखेरीज कुणी चढवतच नव्हते.

कावेरी भिंगातून बराच वेळ पाहत राहिली. पाहून झाले तरी तिने मान वर केली नाही.

"ही चीर त्या दिवशीही होती," ती म्हणाली.

"होती."

"मला दिसली नाही. मी पिना घट्ट केल्या, पाणी उकळलं आणि..."

"दिसली नाही, यात काही चूक नाही," सर म्हणाले. "गार बोर्डावर ती मलाही दिसली नसती. पण तू अप्पांना काय सांगितलंस?"

"दोष नाही म्हणून सांगितलं."

"सांगायचं काय होतं?"

कावेरीचा आवाज एकदम खाली आला. "मला दोष सापडला नाही."

सर बोलले ते तिच्याशीच बोलले, पण अप्पा आणि बायकाही ऐकत होत्या.

"या दोन वाक्यांत शब्दांचा फरक फार थोडा आहे, कावेरी. पण पहिल्या वाक्यानं तू यंत्राचं दार लावून घेतलंस, आणि त्या बाईंच्या घराचं दार सताड उघडं टाकलंस. मी तुला संशय घेऊ नकोस म्हणत नाही. दुरुस्ती करणाऱ्याचं ते पहिलं हत्यार आहे. ज्याला संशय येत नाही त्याला दोष सापडत नाही. पण तो घ्यायचा तारेवर, टाक्यावर, खुंटीवर. तारेवर संशय घेतला आणि तार निर्दोष निघाली, तर ती रुसत नाही. पुन्हा जागेवर बसवली की पूर्वीसारखीच वाहते. माणसाचं तसं नाही. तो निर्दोष निघाला तरी पूर्वीच्या जागी तसाच्या तसा बसत नाही. म्हणून वस्तू तपासून संपत नाहीत तोवर माणसाकडे वळायचं नाही. आणि अप्पा, आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी. बिघाड नेहमी भार वाहणाऱ्याच्या हातात दिसतो. जो नुसता चहा करतो, त्याच्या हातून काय बिघडणार?"

कावेरीने कथील आणि ते वितळवायचा तापता दांडा काढला आणि टाका नव्याने घातला. बाकीच्या खुंट्याही तिने भिंगातून पाहिल्या. झाकण लागले, डाळ पुन्हा चढली. या वेळी ती न थांबता शिजली, आणि ती शिजेपर्यंत कुणीही स्वयंपाकघरातून हलले नाही.

जेवणे झाल्यावर अप्पा म्हणाले, "मास्तर, शेवंताबाईंकडे जातो. तुम्ही येता?"

"माझं तिथं काय काम?" सर म्हणाले. "हिला न्या."

शेवंताबाई दाराशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. कुणाच्या तरी शेंगा होत्या, पाटीभर. अप्पांना पाहून त्या उठल्या नाहीत. पदर मात्र सावरला. अप्पा उभेच राहिले. त्यांनी चीर, टाका, तार, सारे सांगितले. कावेरीने जे राहिले ते सांगितले, आणि मग म्हणाली, "मावशी, मला काही सापडलं नव्हतं. तरी मी 'दोष नाही' म्हणून गेले. माझ्या त्या बोलण्यामुळं तुमच्यावर ही पाळी आली."

शेवंताबाईंनी तिच्याकडे नुसते पाहिले. शेंगा फोडणे थांबले नाही.

अप्पा म्हणाले, "उद्यापासून या. किल्ली मी आणली आहे."

"शेगडी सुधारली म्हणून बोलावताय, अप्पा."

"हो, म्हणजे..."

"आन नसती सुधारली तर? ती चीर गावलीच नसती तर?"

हा प्रश्न अप्पांनी अपेक्षिला नव्हता. कावेरी त्यांच्याकडे पाहत होती. तिला वाटले, आता हे काहीतरी गोड बोलतील. माझ्या मनात काही नव्हते म्हणतील. तुम्ही घरच्यासारख्या म्हणतील. व्यापाऱ्याला असे शब्द शोधावे लागत नाहीत. अप्पांच्या ओठांवर ते आलेही असावेत. ते बराच वेळ त्या पाटीतल्या शेंगांकडे पाहत राहिले.

"नसती सापडली, तर मी आलो नसतो," ते म्हणाले. "तुम्हीच केलं, असं मरेपर्यंत सांगत फिरलो असतो. खरं ते सांगतो."

शेवंताबाईंचे हात थांबले.

"हे तुमी माज्यापुढं म्हनता. तवा मात्र लायनीतल्या समद्या मानसांपुढं म्हनला होता."

"उद्या त्याच दारात उभा राहून सांगतो. तेव्हाची माणसं नसतील आता."

"नसतील," शेवंताबाई म्हणाल्या. "कुनी बरं होऊन गेलं आसंल, कुनाचं मानूसच गेलं आसंल. त्यांच्या मनात मी हाय तशीच ऱ्हानार." मग पाटी पुढे ओढून घेत त्या म्हणाल्या, "गोड बोलला असता तर आले नसते. सकाळी येते. आज एवढ्या शेंगा फोडून द्यायच्या हायत."

अप्पांनी किल्ली उंबऱ्यावर ठेवली. निघावे की थांबावे हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते वाकले, पाटीच्या दुसऱ्या बाजूला उकिडवे बसले आणि एक शेंग उचलून त्यांनी फोडली. शेवंताबाई नको म्हणाल्या नाहीत. जरा वेळाने कावेरीही पिशवी भिंतीशी टेकवून खाली बसली.

आपल्याला जे सापडले नाही, त्याविषयी तेवढेच बोलून थांबता आले पाहिजे. त्यापुढचे वाक्य नेहमी कुणाच्या तरी घरावर जाऊन पडते.